एकाच नावाच्या दोन वस्तू

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तेथे शेजारी शेजारी बांधलेल्या, एकाच रंगाच्या व जवळजवळ एकाच उंचीच्या दोन घोड्यांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न गिऱ्हाइकापुढे नेहमीच उभा राहतो. पण तो त्याला हतबुद्ध करीत नाही. तो दात पाहून वय ठरवितो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, जनावर चालवून आणि दौडवून पाहतो, आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही तर सोबत आणलेल्या जाणत्याला विचारतो. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची घेणारा व्यापारीही मूठभर माल हातात घेऊन रंग आणि ओलावा पाहतो व मगच भाव बोलतो. पथारीवर वाळल्यावर तिच्यातून किती माल उरेल, याचा अंदाज त्याच्या बोटांना असतो. सारख्या दिसणाऱ्या वस्तूंतला भेद ओळखण्याचे हे ज्ञान या जिल्ह्याला कोणी शिकवावे लागलेले नाही.

याच जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाचा किंवा कारकुनाचा मुलगा जेव्हा खेळांसाठी संगणक जुळवू लागतो, तेव्हा मात्र हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरते. त्याच्यापुढे ग्राफिक्स कार्डाचे दोन खोके असतात. दोहोंवर कंपनीचे नाव तेच, मालिकेचा क्रमांक तोच, चित्रही बहुधा तेच. एका कोपऱ्यात एक आकडा तेवढा वेगळा असतो, आणि किमतीत काही हजारांचा फरक असतो. या वस्तूला दात नाहीत आणि खूरही नाहीत. ती चालवून पाहण्याची सोय दुकानात सहसा नसते. कार्डाची किंमत साधारणतः तीस ते पन्नास हजार रुपयांच्या घरात जात असल्याने ही रक्कम म्हणजे मध्यमवर्गीय घरातील पगाराचा लहानसहान भाग नव्हे. मुलाचा हट्ट आणि बापाची शंका यांच्यामध्ये जो प्रश्न लोंबकळत राहतो तो इतकाच असतो: या दोहोंत खरोखर फरक आहे काय, आणि असल्यास तो आपल्या उपयोगाचा आहे काय?

हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. संगणकावरील खेळ म्हणजे पैशाची आणि वेळेची नासाडी, असे मानणारा वर्ग मोठा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानेही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. परंतु त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे काढून मान्यता दिली, हे विसरता येत नाही. शिवाय चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय रेखाटन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक प्रयोग ही कामेही हेच कार्ड करते. खेळ चांगला की वाईट, हा वाद म्हणूनच बाजूला ठेवणे बरे. घरातला पैसा बाजारात जाताना त्याच्या बदल्यात काय मिळते हे गिऱ्हाइकाला कळते की नाही, हा येथे खरा प्रश्न आहे. आणि तो अर्थशास्त्राचा आहे.

टेबल आणि दप्तरखाना

ग्राफिक्स कार्डाचे काम समजण्यासाठी कचेरीचा दाखला पुरेसा आहे. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. ते रेखाटणारा जो मुख्य भाग, तो कारकून समजावा. आणि कार्डावरील मेमरी हे त्याचे टेबल समजावे. कामाला लागणारी कागदपत्रे टेबलावर मावली, तर कारकून आपल्या पूर्ण वेगाने काम करतो. टेबल भरून गेले म्हणजे मात्र प्रत्येक कागदासाठी त्याला दप्तरखान्यात, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीकडे, धाव घ्यावी लागते. कारकून तितकाच हुशार असूनही काम अडखळू लागते.

आता बाजारातील प्रत्यक्ष उदाहरणे पाहावीत. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड २०२५ च्या एप्रिलमध्ये बाजारात आले. त्याच्या ८ जीबी मेमरीच्या प्रकाराची अमेरिकेतील जाहीर किंमत ३७९ डॉलर आणि १६ जीबीच्या प्रकाराची ४२९ डॉलर होती. दोहोंत गणन करणारे कोअर ४,६०८ च आहेत आणि मेमरीशी जोडणारा मार्गही १२८ बिटांचाच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये एएमडी कंपनीने आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड आणले. तेही ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत, अनुक्रमे २९९ आणि ३४९ डॉलर किमतीचे. म्हणजे दोन्ही कंपन्यांनी कारकून तोच ठेवून टेबले मात्र लहानमोठी दिली. भारतात येईपर्यंत या किमतींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि मधल्या विक्रेत्यांचे नफे चढतात. परंतु दोन प्रकारांमधील अंतर राहतेच.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. खेळ जुना असेल, किंवा स्पर्धेत खेळल्या जाणाऱ्या हलक्या खेळांपैकी असेल, आणि पडदा १९२० गुणिले १०८० एवढ्या साध्या मापाचा असेल, तर टेबल भरतच नाही. मग दोन कार्डांत काडीचाही फरक दिसत नाही. २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’सारखा खेळ उच्च प्रतीच्या चित्रणासह चालवू गेल्यास ८ जीबीचे टेबल भरते आणि चित्र अडखळते. सरासरी वेगाचा आकडा हे अडखळणे पुष्कळदा झाकून टाकतो. दिवसभरात शंभर कागद निकालात काढणाऱ्या कारकुनाची सरासरी चांगली दिसते; त्यातील दोन अर्जदार तासभर ताटकळले होते, हे सरासरी सांगत नाही.

येथेच एक बारकावा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दप्तरखान्यात जाण्याचा रस्ता सर्व संगणकांत सारखा रुंद नसतो. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड मुख्य संगणकाशी जोडले जाताना आठच मार्गिका वापरते. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा वापरते. संगणकाचा मदरबोर्ड नव्या पिढीचा असेल तर प्रत्येक मार्गिकेवरून वाहतूक इतकी वेगाने होते की, आठ मार्गिकाही पुऱ्या पडतात. मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या आवृत्तीचा असेल तर तीच वाट अरुंद बोळ बनते. सारांश, लहान टेबलाचा जाच सर्वांत अधिक कोणाला होतो, तर ज्याचा बाकीचा संगणक जुना आहे त्याला. सगळाच संगणक नवा घेण्याची ऐपत नसल्यामुळे जुन्या यंत्रात कार्ड बसविणारा मनुष्य पैसे वाचवावेत म्हणून लहान मेमरीचे कार्ड घेतो, आणि त्या वाचवलेल्या पैशांची किंमत सर्वांहून अधिक तोच मोजतो. स्वस्त वस्तू गरिबाला अधिक महाग पडते, या जुन्या अनुभवाचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

नावाचा आडोसा

दोन मेमऱ्यांचा फरक निदान खोक्यावर छापलेला तरी असतो. काही वेळा तोही आधार पुरत नाही. २०१६ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन प्रकारांत आले. गिऱ्हाइकाचा समज साहजिकच असा झाला की, फरक केवळ मेमरीचा आहे. वस्तुतः मोठ्या प्रकारात १,२८० कोअर होते आणि लहान प्रकारात १,१५२. टेबलाबरोबर कारकूनही बदललेला होता. नाव मात्र तेच. २०१८ मध्ये जीटी १०३० या स्वस्त कार्डाचा एक प्रकार वेगळ्या जातीच्या मेमरीसह आला. मूळ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती पुरवीत असे, नव्याची १६.८ जीबी, म्हणजे सुमारे एकतृतीयांश. नाव याही वेळी तेच राहिले.

त्याआधी २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० या कार्डावर ४ जीबी मेमरी असल्याचे जाहीर झाले होते. पण त्यातील शेवटचा अर्धा जीबी बाकीच्या भागाहून फार मंद होता. अमेरिकेत याविरुद्ध दावे झाले आणि २०१६ मधील तडजोडीनुसार तेथील ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तर आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली १६ आणि १२ जीबी अशी दोन कार्डे जाहीर झाली. पहिल्यात ९,७२८ कोअर, दुसऱ्यात ७,६८०. टीकेचा गदारोळ उठल्यावर १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीचा प्रकार मागे घेतला. तेच कार्ड २०२३ च्या जानेवारीत आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने आले आणि त्याची जाहीर किंमत ८९९ डॉलरवरून ७९९ डॉलरवर उतरली होती. वस्तू तीच राहिली, नाव खरे झाले, आणि भाव शंभर डॉलरने खाली आला. नावाला किती किंमत असते, याचा एवढा स्वच्छ पुरावा बाजार क्वचितच देतो.

छप्पर नसलेला डबा

कंपन्या असे का करतात, याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. ज्यूल द्युप्यूई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये रेल्वेच्या भाड्यांची मीमांसा करताना विचारले होते की, तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर का नसते? छपराचा खर्च कंपनीला पेलवत नाही म्हणून ते नसते, हे उत्तर त्याला पटले नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या उतारूने तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी तिसरा वर्ग मुद्दाम त्रासाचा ठेवलेला असतो, असे त्याचे म्हणणे होते. गरिबाला छळण्याचा हेतू त्यात नसतो. ऐपतवानाला वरच्या वर्गात ढकलण्याचा असतो. छळ मात्र गरिबाचाच होतो.

भारतीय रेल्वेत तिसरा वर्ग १९७४ मध्ये नाहीसा झाला. तरी दुसऱ्या वर्गातील लाकडी बाके राहिलीच. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधू दंडवते यांनी त्या बाकांवर फोमची गादी घालण्याचा निर्णय घेतला. सुरत-भुसावळ मार्गावर रात्रभर प्रवास करणाऱ्या नंदुरबारच्या उतारूला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. गादी घातल्याने पहिल्या वर्गाचे काही बुडाले नाही. दुसरा वर्ग कठीण ठेवणे हा आर्थिक नाइलाज नव्हता, हेच त्यावरून दिसून आले.

ग्राफिक्स कार्डाच्या बाजारातही मूळ तत्त्व तेच आहे. २०२३ मध्ये आरटीएक्स ४०६० टीआयच्या ८ जीबी प्रकाराची किंमत ३९९ आणि १६ जीबी प्रकाराची ४९९ डॉलर ठेवली होती; त्याच्या पुढच्या पिढीत तेवढ्याच जादा मेमरीसाठी ५० डॉलर पुरेसे मानले गेले. हे अंतर केवळ उत्पादनखर्चावरून ठरत असते, तर दोन वर्षांत ते असे निम्मे झाले असते काय, याचा विचार व्हावा. गिऱ्हाइकांना त्यांच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसविणे हा त्यामागील उद्देश उघड आहे.

तथापि कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. स्वस्त प्रकार बाजारात नसता तर कित्येकांना काहीच घेता आले नसते. ज्याला हलके खेळच खेळायचे आहेत त्याने मोठ्या मेमरीचा भुर्दंड का सोसावा? हा युक्तिवाद खोटा नाही. पायऱ्या असण्यात गैर काही नाही. उलट त्या असाव्यात. पण द्युप्यूईच्या काळातील उतारूला डब्याला छप्पर नाही हे फलाटावरूनच दिसत होते. त्याने तिकीट काढले ते डोळे उघडे ठेवून काढले. येथे दोन्ही डब्यांवर एकाच वर्गाची पाटी आहे, आणि छप्पर नाही हे पाऊस आल्यावर कळते. आक्षेप आहे तो या पाटीवर.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल तर चांगला मालही बाजारातून हटू लागतो. याच निबंधात त्यांनी तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे व आकाराचे खडे निवडीत बसणाऱ्या भारतीय गृहिणीचा उल्लेख केला आहे. त्या गृहिणीजवळ निदान सूप होते. कार्ड घेणाऱ्याजवळ काय आहे? चाचण्यांचे निष्कर्ष बहुतांशी इंग्रजीत असतात. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते, तेथील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने बिट, मार्गिका आणि कोअर यांचे गणित परभाषेतून सोडवावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

घरातले गणित

सूप मिळेपर्यंत ग्राहकाला स्वतःच्या बुद्धीवर विसंबावे लागेल. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, आधी खेळ ठरवावेत आणि मग कार्ड. उलट क्रमाने जाणारा मनुष्य जाहिरातीच्या हाती सापडतो. दुसरी, आपल्या संगणकाचा मदरबोर्ड कोणत्या पिढीचा आहे आणि विद्युतपुरवठा करणारा संच किती वॅटचा आहे, हे पाहून घ्यावे. तिसरी, फरकाची रक्कम वापराच्या काळात वाटून पाहावी. समजा, दोन कार्डांतील अंतर ६,००० रुपयांचे आहे आणि कार्ड पाच वर्षे वापरायचे आहे. तर मोठ्या मेमरीचे भाडे महिना १०० रुपये पडते. नवे आणि भारी खेळ खेळायचे असतील, तर हे भाडे जड नाही. केवळ हलक्या खेळांसाठी मात्र ते निव्वळ वाया जाते. चौथी, मेमरी आणि दर्जा तोच असून केवळ जुळणी करणारी कंपनी वेगळी असेल, तर वेगातील फरक नगण्य असतो. तेथे पंख्यांची रचना आणि हमीची सोय यांकडेच लक्ष द्यावे. चैत्र-वैशाखात तापीखोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत उष्णता नीट बाहेर टाकणारे कार्ड आणि जवळच्या शहरात दुरुस्तीची व्यवस्था असलेली कंपनी यांचे मोल चकचकीत दिव्यांहून अधिक आहे.

विजेच्या बचतीचा बाऊ करण्याचेही कारण नाही. आरएक्स ९०६० एक्सटीचा १६ जीबी प्रकार १६० वॅट घेतो आणि आरटीएक्स ५०६० टीआय १८०. रोज तीन तास खेळले तरी या २० वॅटच्या फरकाने वर्षाला सुमारे २२ युनिट तेवढे अधिक जळतील.

इतके करूनही दोन पारडी समसमान राहिली, तर निवड आणखी लांबविण्यात अर्थ नाही. हर्बर्ट सायमन यांनी दाखविल्याप्रमाणे मनुष्य सर्वोत्तमाचा शोध अखेरपर्यंत घेत नाही, पुरेसे चांगले मिळताच थांबतो. आणि शोधालाही किंमत पडत असल्याने त्याचे हे थांबणे शहाणपणाचेच असते. दोन वस्तू खरोखरच सारख्या असतील तर चूक होण्याची भीतीही तितकीच लहान असते.

शासनाचे काम

परंतु सगळा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे हा न्याय नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, ती ग्राहक एकटा पडतो म्हणूनच. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा यांनी वस्तूचा दर्जा, प्रमाण व किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला. नव्या कायद्यान्वये वस्तू सुरतेला घेतली असो वा ऑनलाइन मागविलेली असो, ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही पडत नाही. ही सोय मोठी आहे. पण ती घाव बसल्यानंतरच्या मलमपट्टीची आहे.

घाव टाळण्याची वाटही देशाला अपरिचित नाही. २००६ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरोने विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची खूण सुरू केली. शीतकपाटाच्या आत कोणते यंत्र आहे हे गृहिणीला ठाऊक नसते. पण तीन तारे आणि पाच तारे यांतला भेद तिला दारातूनच कळतो. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किंमत, आयातदाराचा पत्ता आणि महिना-वर्ष छापावे लागते. त्याच खोक्यावर कोअरची संख्या, मेमरीचे प्रमाण, जात व वेग आणि मार्गिकांची संख्या ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करणे अवघड नाही. त्याच्याही पुढे जाऊन, ज्या दोन कार्डांच्या कोअरची संख्या किंवा मेमरीची जात भिन्न आहे त्यांना एकच नाव देणे ही दिशाभूल मानली जावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आहे; त्याने या प्रश्नात लक्ष घालावे.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. नंदुरबार, शहादा, तळोदे, नवापूर येथील विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा बाजारातील कार्डांचा मराठीत तुलनात्मक तक्ता करून तो सूचनाफलकावर लावला, तर त्यांना संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोहोंचा अभ्यास एकदमच घडेल, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून शिकायला आलेल्या मुलाला दुकानदाराच्या शब्दाखेरीज दुसरा आधार मिळेल.

दोन वस्तूंतून एक निवडता येणे याला बाजाराचे स्वातंत्र्य म्हणतात. ज्याला त्या दोहोंतला फरक सांगितलेलाच नाही, त्याच्या वाट्याला त्या स्वातंत्र्यातून फक्त बिल भरण्याचे काम येते. मुलाने बापाकडे कार्डासाठी पैसे मागावेत आणि बापाने ते का म्हणून विचारावे, हे दोघांच्याही हक्काचे आहे. त्या प्रश्नाला दोघांनाही समजेल असे उत्तर खोक्यावरच लिहिलेले असावे, एवढीच मागणी आहे.